श्रमिकाचे मन आणि तथागतांचा धम्म



आपण विहारात जमतो, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो, वर्षावासात ग्रंथवाचन ऐकतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु विहारात आपला वेळ किती जातो? आठवड्यातून एक-दोन तास. आणि कामावर? पहाटे डबा घेऊन निघालेला माणूस दिवेलागणीनंतर घरी येतो. त्याच्या जागेपणातला मोठा हिस्सा कारखान्यात, कचेरीत, रुळांवर, रस्त्यावर, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करण्यात जातो. धम्म हा जीवनाचा मार्ग आहे असे आपण म्हणतो. मग जीवनाचा एवढा मोठा भाग धम्माच्या बाहेर कसा ठेवता येईल? म्हणून आजचे हे प्रवचन कामाच्या जागेविषयी आहे.

कामावर इजा झाली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रात सापडलेला हात येतो, परांचीवरून पडलेला गवंडी येतो. ही इजा दिसते. तिच्यातून रक्त येते, तिची नोंद होते. पण दुसरी एक इजा आहे. ती दिसत नाही. साहेबाने चारचौघांत केलेला अपमान, संपता संपत नाही असे काम, उद्या नोकरी राहील की नाही याची धास्ती, कितीही राबले तरी न मिळणारा मान, आणि एवढे सोसताना शेजारी कुणी उभे नाही ही जाणीव. या सर्वांना आजचे विद्वान कामाची मनोसामाजिक परिस्थिती असे नाव देतात. नाव जड आहे, पण अनुभव तुमच्या ओळखीचा आहे. आणि ही परिस्थिती शरीर पोखरते, अपघातही घडवते, हे आता सिद्ध झालेले आहे.

तथागतांनी चार आर्यसत्ये सांगितली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होतो, आणि निरोधाचा मार्ग आहे. त्याच चार पायऱ्यांनी आपण या प्रश्नाकडे जाऊ.

पहिली पायरी, दुःख आहे हे मान्य करणे.

आपल्या घरांत हे मान्य केले जात नाही. बाप घरी येतो, कुणाशी बोलत नाही, भाकरी टाकून उठतो. आई म्हणते, त्यांचे डोके फिरले आहे. मुलगा रात्रपाळीहून येतो, दिवसा त्याला झोप लागत नाही, छातीत धडधडते. शेजारी म्हणतात, नजर लागली. रुग्णालयात आयाचे काम करणारी भगिनी मुकादमाचे नाव काढले की थरथरते. घरचे म्हणतात, सगळेच सहन करतात, तू काय मोठी लागून गेलीस? बंधूंनो, ज्या दुःखाला आपण नावच देत नाही त्याचे कारण आपल्याला कसे सापडणार?

थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची कथा आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी होती. हाडे गोठविणाऱ्या थंडीतही तिला नदीत उतरावे लागे. ती का उतरत असे, हे तिने स्वतःच सांगितले आहे. मालकिणींच्या शिक्षेचे भय आणि त्यांच्या शब्दांचे भय! विचार करा. थंडी शरीराला बोचत होती, पण तिला पाण्यात ढकलणारी शक्ती होती ती भीती. आणि हीच पुण्णिका पुढे नदीत पापे धुवायला उतरलेल्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने पाप जात असेल तर मासे, कासवे, बेडूक हे सगळेच स्वर्गाला जातील ना? जिने भीतीला भीती म्हणून ओळखले, तिलाच तो प्रश्न विचारण्याचे बळ आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका दासीने कामाच्या जागचे भय बोलून दाखविले आणि भिक्खुणी संघाने ते जपून ठेवले. आपण आपले भय आपल्या घरात तरी बोलणार की नाही?

दुसरी पायरी, कारण शोधणे.

आपले वाडवडील म्हणत, मागच्या जन्मीचे भोग आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला त्या खोड्यातून सोडविले. माणसाची आजची हलाखी मागल्या जन्माच्या माथी मारणे म्हणजे आजच्या अन्यायाला अभय देणे, हे त्यांनी आपल्याला शिकविले. कारण इथे शोधा, या जन्मात शोधा, माणसामाणसांच्या संबंधांत शोधा.

ते शोधले गेले आहे. इंग्लंडमध्ये १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. त्या भागाच्या नावावरून तिला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. आपली समजूत अशी की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग, कारण जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. अभ्यासात दिसले ते नेमके उलटे! सर्वांत खालच्या दर्जाचे शिपाई आणि द्वारपाल हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. आणि हे केवळ तळाशीच नव्हते. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीवरच्यापेक्षा अधिक आजारी होता. विडी-सिगारेट, रक्तदाब ही कारणे धरूनही हा सगळा फरक भरून निघेना. हे लोक उपाशी नव्हते, सर्वांची नोकरी पक्की होती, सरकारी दवाखाना सर्वांना खुला होता. मग फरक कशाचा? १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात दहा हजारांवर स्त्री-पुरुष होते. त्यातून पुढे आलेले एक मोठे कारण असे की, आपले काम कसे करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांना नाही, त्यांच्या हृदयाला धोका अधिक.

अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हेच वेगळ्या रीतीने मांडले. काम भरमसाट आणि त्यावर स्वतःचा अधिकार शून्य, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते. जर्मनीत योहानेस झीगरिस्ट यांनी १९९६ साली दुसरी जोडी दाखविली. कष्ट पुष्कळ आणि त्या मानाने पगार, मान व शाश्वती तुटपुंजी. या दोन्ही जोड्या वाचल्यावर तुम्हाला कुणाची आठवण होते? मला तर आपल्या गावकुसाबाहेरची आठवण होते. काम सर्वांत जड, त्यात आपली इच्छा विचारायची नाही, मोबदला शिळा तुकडा आणि मान तर नाहीच. विद्वानांनी विसाव्या शतकात जे मोजले, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता हा शब्द आपल्याला दिला. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात सांगितले. त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ज्या कामाला समाज हीन मानतो आणि जे माणसाच्या गळ्यात जन्माने बांधले जाते, त्या कामात त्याचे मन रमत नाही. त्याला ते टाळावेसे, त्यातून पळावेसे वाटते, आणि जिथे मन नाही तिथे कार्यक्षमताही नाही. बाबासाहेबांनी श्रमिकाच्या मनाचा प्रश्न असा तेव्हाच मांडला होता.

त्यांनी तो स्वतः भोगलाही होता. १९१७ साली ते परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकीत. कचेरीत पिण्याचे पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना. पदवी मोठी, पद मोठे, पण रोजचा दिवस अपमानाचा. थोड्याच दिवसांत त्यांना ते शहर सोडावे लागले. म्हणून कुणी म्हणू नये की शिकले, साहेब झाले, की हा प्रश्न संपतो.

मुंबईच्या गिरण्यांचेही पाहा. विणाई खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा स्पृश्यांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. वास्तविक एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावायचे आणि कापसाची धूळ छातीत ओढायची, ही पद्धत प्रत्येक विणकराच्या आरोग्याला घातक होती. रोग कुणाची जात विचारत नाही. पण विटाळाच्या कल्पनेने कामगारांना असे आंधळे केले की धोट्याचा दोष त्यांना दिसेना, माणसाचा दिसला. फूट पडली की धोक्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही, हा त्यातला धडा आहे.

आता मनाचे दुःख शरीरात उतरते कसे, ते समजून घ्या. भीती वाटली की हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. वाघ समोर आला तर हे उपयोगी आहे. वाघ गेला की शरीर शांत होते. पण वाघ रोज सकाळी खुर्चीवर येऊन बसत असेल तर? मग शरीर शांत होतच नाही. झोप मोडते, रक्तदाब चढलेला राहतो, साखर वाढते, पोट बिघडते. माणूस खचतो, चिडतो, शेवटी त्याला कशातच रस वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या खचण्याची, ज्याला बर्नआउट म्हणतात त्याची, कामाशी निगडित अवस्था म्हणून व्याख्या केली. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ साली जाहीर केलेला अंदाज तर अंगावर काटा आणणारा आहे. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम केल्यामुळे पक्षाघात व हृदयविकार होऊन २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मेली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा माणसाला पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

हा झाला आजार. अपघाताचे काय? थकलेला माणूस लाल आणि हिरवा दिवा पाहतो, पण ते मनापर्यंत पोचायला उशीर होतो. अपमानाने जळणाऱ्याचे हात यंत्रावर असतात आणि डोके साहेबाच्या शब्दात अडकलेले असते. आणि ज्याला बोलण्याचीच भीती आहे, तो पट्टा झिजला आहे, झडप गळते आहे, हे सांगत नाही. सांगितले तर शिवी मिळेल, खाडा पडेल, कंत्राटातून नाव जाईल. भोपाळ आपण विसरू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायूने झोपेत माणसे मारली. त्या कारखान्यात खर्च वाचविण्यासाठी माणसे कमी केली होती, वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, कामगारांनी आधी दिलेल्या धोक्याच्या सूचना कानाआड गेल्या होत्या. कामगाराचे तोंड बंद केले की त्याची किंमत कारखान्याबाहेरची वस्तीही मोजते.

आता तिसरी पायरी. या दुःखाचा निरोध शक्य आहे काय?

इथे एक धोक्याची सूचना देतो. काही लोक तथागतांचेच नाव घेऊन म्हणतात, दुःख मनात आहे, मन आवरा, ध्यान करा, मालकाबद्दल तक्रार कशाला? ते दोन बाणांची उपमा सांगतात. अज्ञानी माणसाला एक बाण शरीराला लागतो आणि शोक करून तो दुसरा बाण मनाला लावून घेतो. ज्ञानी माणूस दुसरा बाण टाळतो. उपमा खरी आहे. पण पहिला बाण तसाच रुतू द्यावा असे तथागतांनी कुठे सांगितले? बाण मारणाऱ्याला निर्दोष कुठे ठरविले? ध्यानाने मन स्थिर होते, आनापानसतीचा अभ्यास जरूर करा. पण बारा तास राबवून घ्यायचे आणि दहा मिनिटे डोळे मिटायला सांगायचे, हा धम्म नव्हे. ती फसवणूक आहे.

तथागत काय करीत, ते विनयपिटकात पाहा. सोण नावाचा श्रीमंताचा सुकुमार मुलगा भिक्खू झाला. चंक्रमण करताना त्याच्या पावलांची साले निघाली, वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेचे उदाहरण देऊन समजावले. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. वीर्य हवे, पण सम प्रमाणात. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची ऐका. तथागत केवळ उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी सोणाला पायांत वहाणा घालण्याची परवानगी दिली. म्हणजे मन समजावले आणि पायही सांभाळले. आणि सोण काय म्हणाला? मला एकट्याला सवलत नको, संघाला मिळत असेल तर घेईन. तेव्हा तथागतांनी सर्व भिक्खूंना एकपदरी वहाणांची अनुज्ञा दिली. भगिनींनो, बंधूंनो, या एका गोष्टीत केवढे मोठे तत्त्व आहे! रक्त दिसले की नियम बदलला पाहिजे, आणि तो एकाच्या मेहेरबानीसाठी नव्हे, सर्वांसाठी बदलला पाहिजे.

बाबासाहेबांनी हेच केले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजुरांची स्थिती डोळ्यांनी पाहिली. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. कारखान्यांतील कामाचा आठवडा त्या वेळी ५४ तासांचा होता. तो ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. आज आपला मुलगा आठ तासांनंतर घड्याळाकडे पाहतो, त्या घड्याळामागे बाबासाहेबांचे परिश्रम आहेत. सहनशीलतेची प्रवचने देऊन हे झाले नाही. कारण ओळखले, कायदा केला, म्हणून झाले. निरोध शक्य आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

चौथी पायरी, मार्ग. तो घरापासून सुरू होतो.

पहिली गोष्ट, दारूला घरात थारा देऊ नका. मद्यपान करणार नाही ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातलेही एक शील आहे. गटारात उतरणारा भाऊ म्हणतो, घेतल्याशिवाय तो वास सहन होत नाही. त्याला तुच्छ लेखू नका. ज्या व्यवस्थेने त्याला तिथे उतरविले, दोष तिचा आहे. पण त्याला हे सांगा की त्या भुयारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू वाढला की नाक बधिर होऊन वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते, तेव्हाच मरण जवळ असते. अशा जागी मनाची जाग हेच शेवटचे कवच आहे, आणि दारू तेच काढून घेते. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविण्यास बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. पण तीस लाखांनी बाप परत येत नाही. म्हणून उतरायला नकार देण्याचे बळ त्याला आपण सर्वांनी मिळून दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, आजाराला देवर्षी नको, डॉक्टर हवा. झोप न लागणे, विनाकारण रडू येणे, जगणे नकोसे वाटणे, ही नजर नव्हे, करणी नव्हे. गंडेदोरे आपण नदीत सोडून आलो आहोत, ते पुन्हा गळ्यात बांधू नका. सरकारी रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाण्यात मोडलेल्या हाताला प्लास्टर घालण्यापेक्षा अधिक लाज नाही.

तिसरी गोष्ट, एकटे राहू नका. अपमान झाला, धमकी मिळाली, जादा काम लादले, तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार वहीत लिहून ठेवा. मग ते युनियनकडे न्या, आणि युनियन नसेल तर चार सोबत्यांना घेऊन वरिष्ठांकडे जा. तोंडी नव्हे, लेखी द्या आणि पोच घ्या. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बौद्ध झाल्यावरही अनुसूचित जातीचे संरक्षण १९९० पासून आपल्याला मिळालेले आहे, हे विसरू नका. भगिनींसाठी २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि घरकाम करणारी भगिनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. संघं सरणं गच्छामि म्हणताना आपण भिक्खुसंघाला शरण जातो. एकट्याचे भय एकत्र आल्याने कमी होते, ही त्या संघाची शिकवण कामाच्या जागीही घेऊन जा.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी. कामावरून आलेल्या माणसाला आल्या आल्या पगाराचा, उधारीचा हिशेब विचारू नका. पाण्याचा तांब्या द्या आणि विचारा, आज दिवस कसा गेला? आणि पुरुषांनो, तुमची बायको कचेरीतून किंवा चार घरची कामे करून आली की तिची दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होते. साहेबाच्या आवाजात तुम्ही घरी बोलू लागलात, तर तिला विसावा कुठे मिळणार? कामावरचा राग घरी आणून लेकराबाळांवर काढणे म्हणजे आपल्याला लागलेला बाण उपटून त्यांच्या छातीत खुपसणे होय.

पाचवी गोष्ट सांगताना थोडे कठोर बोलावे लागेल. आपल्यातले पुष्कळ जण आता अधिकारी झाले आहेत. कुणी बँकेत व्यवस्थापक, कुणी शाळेत मुख्याध्यापक, कुणी स्वतः कंत्राटदार. तुमच्या हाताखालच्या शिपायाला तुम्ही अरे-तुरे करता की अहो-जाहो? तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा आहे काय? ती आजारी पडली तर तिचा पगार कापता काय? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशा सांगितल्या. खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. धन्याने तिची सेवा पाच प्रकारे करावी. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. सेवकाने काम चोख करावे आणि दिले तेवढेच घ्यावे, हेही सांगितले. पण धन्याचे कर्तव्य आधी सांगितले. आज कामाच्या आरोग्यासाठी तज्ज्ञ जे नियम करतात, त्यांचे बीज या पाच ओळींच्या उपदेशात आहे. कामाचा बोजा, मोबदला, आजारपण, आपुलकी, विश्रांती. काय राहिले? जुना पाटील गेला आणि त्याच्या खुर्चीवर नवा पाटील बसला, एवढ्यासाठी आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर उभे राहिलो नव्हतो. सम्यक आजीविका म्हणजे नुसते प्राणघातक धंदे टाळणे नव्हे. ज्या आजीविकेत आपल्या हाताखालचे माणूस रोज थोडे थोडे मरते, ती सम्यक कशी म्हणावी?

आणि तरुणांनो, तुमच्यापैकी कुणी रात्री फोन घेणाऱ्या कचेरीत आहे, कुणी पाठीवर पेटी घेऊन दहा मिनिटांत सामान पोचवायला दुचाकी पळवतो आहे. तुमचा मुकादम आता माणूस नाही, मोबाइलमधले यंत्र आहे. ते शिवी देत नाही, पण उशीर झाला की गुण कापते. भीती तीच आहे. त्या भीतीने सिग्नल तोडू नका. दोन मिनिटांच्या उशिराची भरपाई होते, मोडलेल्या पायाची होत नाही. आणि तुम्हीही विखुरलेले राहू नका, संघटित व्हा.

संयुत्त निकायात एक गोष्ट आहे. बांबूवर कसरती करणारा एक डोंबारी होता. त्याने मेदकथालिका नावाच्या आपल्या शिष्येला खांद्यावर उभे केले आणि म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्या म्हणाली, असे नव्हे गुरुजी. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळते, तरच आपण सुखरूप खाली उतरू. तथागतांनी तिचे म्हणणे उचलून धरले आणि त्यात भर घातली. स्वतःची जागृती राखणारा दुसऱ्याचे रक्षण करतो, आणि क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचेही रक्षण करतो. उंच बांबूवर ज्यांचा तोल एकमेकांवर आहे, त्यांच्या कामाचे हे बोल आहेत. क्रेनवर, रुळांवर, भट्टीपाशी, शस्त्रक्रियेच्या खोलीत, हेच आजही खरे आहे.

म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास आणखी बसा. प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेविषयी बोलावे. कोण किती तास राबतो, कुणाला कशाची भीती वाटते, कुणाचा कुठे अपमान झाला. कुणी हसू नये, कुणी मध्येच उपदेश करू नये. ज्यांना कायदा कळतो त्यांनी अर्ज लिहून द्यावेत. ज्यांची डॉक्टरांशी ओळख आहे त्यांनी सोबत जावे. ज्यांनी माणसे कामाला ठेवली आहेत त्यांनी खालच्या दिशेची पाच कर्तव्ये आपण पाळतो की नाही ते मनात तपासावे. पुण्णिकेने आपले भय बोलून दाखविले, सोणाने सवलत सर्वांसाठी मागितली. आपल्याला सुरुवात करायला एवढे दोन आदर्श पुरेसे आहेत.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!